फोर्टेपियानोवर मोझार्ट: वाद्यवृंदात पियानो बुडतो

प्रश्न: वॉल्टर या अठराव्या शतकातल्या व्हिएन्नाच्या पियानोकाराच्या फोर्टेपियानोच्या (जुन्या घडणीच्या पियानोच्या) प्रतिकृतीवर (५ सप्तकं, ६१ पट्ट्या) के. ४६६, म्हणजे मोझार्टचा डी मायनरमधला पियानो कन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना), रेकॉर्ड करतोय. तंतुवाद्यं आली की पियानो बुडतो. माईक जवळ नेला तर हातोड्यांची खटखट येते.

उत्तर १: माईकने हे सुटणार नाही. लाकडी चौकट, बारीक तारा, चामड्याचे हातोडे. आवाज मुळातच लहान. झाकण काढा, पियानो वादकांच्या मधोमध ठेवा. सोलोच्या साथीला प्रत्येक भागात एकेकच तंतुवादक, पूर्ण संच फक्त तुत्तीला (सगळा वाद्यवृंद वाजतो त्या भागांना).

उत्तर २: एकेक जरा विरळ वाटतं, मी दोन-दोन ठेवेन. जवळचा माईक शेपटीकडून (पियानोच्या पट्ट्यांपासून लांबच्या टोकाकडून), तोही मुख्य माईकच्या जोडीत किंचितच मिसळा.

उत्तर ३: आणि स्वराची पट्टी (सूर लावायची उंची)? ए हा स्वर ४३० हर्ट्झला लावला असेल तर ओबो, बासरीही त्याच पट्टीची हवीत. हॉलची आर्द्रता बदलली की सूर सरकतो. ट्यूनर दिवसभर थांबवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळचे टेक जोडताच येत नाहीत.