मदत हवी आहे: दशमांशाचे पैसे छपराच्या दुरुस्तीला चालतात का?

नवा_खजिनदार
रविवारी आमच्या चर्चच्या कमिटीची सभा आहे, त्याआधी उत्तर हवंय. दोघं पंच म्हणतात, दशमांश (सभासद उत्पन्नाचा दहावा भाग देतात तो) फक्त पाळकांचा, म्हणजे पास्टरांचा. बाकीचे म्हणतात, देवाच्या घराचं छप्पर गळतंय तर त्यातूनच करा. वचनासकट सांगा. "शास्त्र वाचा" एवढंच लिहू नका, वाचलंय.

भांडार_३_१०
बायबलात मलाखी ३:१०. दशमांश भांडारात आणायचा, भांडार म्हणजे मंडळी, आपलं चर्च. विषय संपला.

जुनी_वही
कसला संपला? आणायचा कुठे हे त्यांनी विचारलंच नाही, खर्च कशावर ते विचारलंय. खजिनदार, इमारत निधी वेगळा आहे का? पाळकांचा पगार मंडळी देते की वरचं कार्यालय? मंडळीच्या घटनेत काय आहे?

नवा_खजिनदार
निधी आहे. पगार मंडळीच देते. घटना कपाटात, किल्ली सचिवांकडे. वचनाचं सांगा ना कुणीतरी.

मोजूनमापून
माझ्या अनुभवाने दशमांश कर कापायच्या आधीच्या पगारावर द्यावा. आम्ही दोघं लग्नापासून तसाच देतो, कधी काही कमी पडलं नाही.

जुनी_वही
हे कुणी विचारलंय?

लेवीचा_शेजारी
वचन हवंय तर घ्या. गणना १८ मध्ये दशमांश लेव्यांना, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशाला दिलाय, कारण त्यांना जमिनीचं वतन नव्हतं. त्यांनीही मिळालेल्याचा दहावा भाग काढून याजकाला द्यायचा होता, हे पाळकांनाही वाचून दाखवा. तुमचे दोघं पंच इथवर बरोबर. पण अनुवाद या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात दशमांश देणाऱ्यानेच घरच्यांसह परमेश्वरासमोर खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावात साठवून लेवी, परका, अनाथ, विधवा यांना द्यायचा आहे. म्हणजे "फक्त पाळकांचा" हे अर्धंच.

छपराचं मात्र वेगळं. २ राजे १२ काढा. योवाश राजाच्या कारकिर्दीचं २३वं वर्ष उजाडलं तरी याजकांनी मंदिराची डागडुजी केलेली नव्हती. मग यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. त्यातले पैसे सुतार, गवंडी, पाथरवट यांना गेले. दोषार्पण आणि पापार्पणाचे पैसे त्यात घातले नाहीत, ते याजकांचेच राहिले. दुरुस्तीची पेटी वेगळी, याजकांचा वाटा वेगळा.

कृपेखाली
हे सगळं जुन्या करारातलं. नव्या करारात मंडळीला दहा टक्क्यांची आज्ञा दाखवा. २ करिंथ ९:७ म्हणतं, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं.

भांडार_३_१०
अब्राहामाने मलकीसदेक याजकाला दशमांश दिला तेव्हा मोशेचं नियमशास्त्र कुठे होतं?

कृपेखाली
लढाईतल्या लुटीचा दिला. तुम्ही कुठली लढाई मारून आलात?

भांडार_३_१०
मत्तय २३:२३. येशूने पुदिना, बडीशेप, जिरे यांचा दशमांश सोडा असं म्हटलं नाही, न्याय आणि दया विसरू नका म्हणाला.

कृपेखाली
परुश्यांना म्हणाला, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना. वधस्तंभाच्या आधी.

धूळखात_इतिहास
गंमत म्हणजे इंग्लंडात दशमांश ही कायद्याने होणारी वसुली होती. धान्य, लोकर, डुकराची पिल्लंसुद्धा जायची. क्वेकर पंथाचे लोक देईनात म्हणून त्यांचं सामान जप्त होई. १८३६ च्या कायद्याने वस्तूंऐवजी रोख आली. फ्रान्सने तर १७८९ च्या क्रांतीतच…

नवा_खजिनदार
अहो, डुकरं राहू द्या! सभा परवावर आलीय. खरं सांगतो, छपराचे पैसे दशमांशातून देऊन झालेत. पाऊस तोंडावर होता. आता पाळकांच्या पगाराला कमी पडतायत.

जुनी_वही
हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं? आता सांगा, इमारत निधी असताना त्यातून का नाही दिले? आणि दशमांशाच्या पाकिटावर काही छापलंय का?

नवा_खजिनदार
निधी मुदत ठेवीत आहे. मोडायला तीन सह्या लागतात, एक पंच बाहेरगावी. पाकिटावर "दशमांश – पाळकीय सेवेसाठी" असं आहे. पण ती पाकिटं मी यायच्या आधीची.

लेवीचा_शेजारी
मग माझी सगळी वचनं बाजूला ठेवा. देणाऱ्याने ते शब्द वाचून पैसे घातलेत.

जुनी_वही
अगदी. वहीत तो खर्च म्हणून लावू नका. "इमारत निधीला उसने" म्हणून लावा, तारीख आणि रक्कम घाला. बाहेरगावचे पंच आले की ठेव मोडून पैसे दशमांशात परत, तसा ठराव करून घ्या. पाळकांना सभेआधी भेटून सांगा, त्यांना ते सभेतच पहिल्यांदा कळायला नको. आणि नवी पाकिटं छापाल तेव्हा मजकूर आधी सभेपुढे ठेवा.

मोजूनमापून
बोनसवर पण कर कापायच्या आधीच धरायचा बरं का.

नवा_खजिनदार
किल्ली मिळाली. घटना दोनदा वाचली. "दशमांश" हा शब्दच नाही तिच्यात. ठरावाचा मसुदा कुणी देईल का? आज रात्रीच हवाय.