सीनियर सेल्समनने फिक्स (दर महिन्याचा ठरलेला पगार) वाढवून मागावा की विक्रीवरच्या इन्सेंटिव्हवरच राहावं?

बर्डीकर: मी इलेक्ट्रॉनिक्स शोरूममध्ये फ्लोअर सांभाळतो. आपल्या लाइनीत सीनियर माणसाची गरज कमी नाही झाली, पण त्याची वाढ फिक्समध्ये न देता इन्सेंटिव्हमध्ये टाकून राहिले. नवीन पोराच्या आणि माझ्या फिक्समध्ये फारसा फरकच नाही. मे महिन्यात गिऱ्हाईक मोबाइलवर ऑनलाइन भाव उघडूनच येते, मग मी विचारतो खोली वरच्या मजल्यावर आहे का, पश्चिमेची भिंत तापते का, छत उघडं आहे का, आणि सांगतो की एक टनात नागपूरचा उन्हाळा निघणार नाही, दीड टन घ्या. हे नवीन पोराला नाही जमत. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, चांगलंच झालं, पण आमचं टार्गेट रुपयात होतं ते तसंच ठेवलं, म्हणजे इन्सेंटिव्हच्या त्याच स्लॅबसाठी (टप्प्यासाठी) जास्त नग विकायचे. फिक्स वाढवूनच मागायला पाहिजे.

इतवारी सराफा: नाही पटलं भाऊ. 2025 मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं, लोक वजन कमी घेतात पण बिल मोठंच होते. आमच्याकडे सीनियर माणूस दुकान सोडून गेला की त्याच्या ओळखीची चार घरं लग्नाच्या खरेदीला त्याच्याच मागे जातात, म्हणून शेठ त्याला सांभाळून ठेवते. ज्याच्या हातात गिऱ्हाईक आहे त्याने फिक्सच्या मागे का लागावं? दिवाळी-लग्नसराईत इन्सेंटिव्ह फिक्सच्या वर जाते.

बर्डीकर: @इतवारी, जाते ना, पण त्यातलं मागे काय उरते? ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मुख्यतः शेवटच्या बेसिकवर (मूळ पगारावर) निघते, बेसिक गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. बेसिक 12,000 असेल तर दहा वर्षांचे साधारण 69,000 होतात, 20,000 असेल तर 1,15,000. वर पीएफ कापताना 15,000 ची मर्यादा धरतात, म्हणजे बहुतेक ठिकाणी महिन्याला 1,800 च्या वर कटतच नाही. इन्सेंटिव्ह कितीही कमवा, म्हातारपणासाठी त्यातलं फारसं काही जमा होत नाही.

दुकान आपलंच: माझं कपड्याचं दुकान आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. पितृपक्षात काउंटर रिकामा असते, भाडं आणि लाइट बिल तेवढंच येते. सगळा पगार फिक्स केला तर मंदीत मी माणूसच कमी करीन, आणि पहिले महागडा सीनियरच जाईन. इन्सेंटिव्हमुळेच जुनी माणसं टिकून आहेत, हे पण समजून घ्या.

मनीषनगरची ताई: दादा, तुमची अडचण खरी आहे, पण मंदीचा धोका सेल्सवाल्याच्याच डोक्यावर का? होम लोनला गेलो तर बँक सॅलरी स्लिप मागते आणि इन्सेंटिव्ह पूर्ण धरत नाही. माझं म्हणणं, फिक्स नाही वाढवत तर निदान स्लॅब वर्षाच्या सुरुवातीला लेखी द्या, महिन्याच्या मधात बदलू नका. आणि साप्ताहिक सुट्टी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकान कायद्याने दुकान वर्षभर उघडं ठेवता येते पण कायदा लागू असलेल्या दुकानात माणसाला आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते, सणाच्या महिन्यात ती पहिले गायब होते.

गांधीबागवाला: एक गोष्ट कोणी बोललंच नाही. फिक्स 21,000 च्या वर गेला की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटते. माझ्या आईचा इलाज त्याच्यावरच चालू आहे. दोन हजार वाढवून घेऊन वर्षाला त्याच्या कितीतरी पट दवाखान्यात घालवू काय?

बर्डीकर: @गांधीबागवाला, मुद्दा बरोबर आहे, पण सुटते ते लगेच नाही, निदान सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत तरी कव्हर राहते. तेवढ्या वेळात मालकाकडून आई धरून मेडिक्लेम लेखी घे, मग वाढ घे. आधी वाढ घेशील तर मागून कोणी देत नाही.

इतवारी सराफा: मेडिक्लेमचं मान्य. फिक्सचं अजूनही नाही पटलं.