बोक्याला उलट्या आणि जुलाब: डॉक्टरांकडे न्यायची वेळ कशी ओळखावी?

ऐरोलीकर

नमस्कार. आमचा बोका मन्या चार वर्षांचा असून वजनाने थोडा जास्तच आहे. त्याची नसबंदी आणि लसीकरण झालेले आहे आणि तो घराबाहेर जात नाही. काल संध्याकाळपासून त्याला तीन उलट्या झाल्या; पहिलीत न पचलेले दाणे होते, नंतरच्या दोन्हींत फक्त पिवळसर फेस. आज सकाळी शी पातळ झाली, तिच्यात रक्त दिसले नाही. याच आठवड्यात आम्ही त्याचे खाद्य एकदम बदलले, त्यामुळे कारण तेच असावे आणि सोमवारी नेहमीचे डॉक्टर येईपर्यंत थांबावे, असे घरच्यांचे मत आहे. मला मात्र स्वस्थ बसवत नाही, कारण सकाळपासून त्याने खाण्याला तोंड लावलेले नाही. घरी सांभाळता येईल असा बिघाड कोणता आणि रविवार असला तरी न्यायलाच हवा असा कोणता, हे कशावरून ठरवावे? माणसांचे जुलाबाचे औषध थोडेसे दिले तर चालेल का?

घोडबंदरची माऊ

औषधाचे आधी सांगते, कारण तिथे उशीर परवडत नाही: माणसांचे कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अंग गरम लागले म्हणून पॅरासिटामॉल तर कधीही देऊ नका. ते निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच कमी असते, त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी बिघडतात आणि ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जिवावर बेतू शकते.

आता मूळ प्रश्न. उलट्या मोजण्यापेक्षा बाकीचे मांजर कसे आहे ते पाहावे, असे माझे ठाम मत आहे. एखादी उलटी होऊन गेली, पण मांजर नेहमीसारखे फिरते, पाणी पिते, पुढच्या जेवणाला धावत येते, तर दिवसभर लक्ष ठेवून थांबायला हरकत नाही. याउलट ते पलंगाखाली जाऊन बसले, हाक मारल्यावर कान हलवत नाही, प्यायलेले पाणीही उलटून टाकते, उलटीत किंवा शीमध्ये रक्त आहे, शी डांबरासारखी काळी आहे, किंवा पोटाला हात लावू देत नाही, तर यांपैकी एकही गोष्ट पुरेशी आहे. हिरड्या पाहा. त्या गुलाबी आणि ओलसर असायला हव्यात. चिकट, फिकट किंवा पिवळसर असतील तर लगेच निघावे.

खाणे बंद होण्याकडे आपल्याकडे फार सहजपणे पाहिले जाते. पोटाला विश्रांती मिळेल म्हणून माणसे लंघन करतात, तसे मांजराला उपाशी ठेवणे धोक्याचे असते, कारण खाणे थांबले की शरीरातील चरबी यकृताकडे येऊ लागते आणि दोन-तीन दिवसांतच यकृताचे काम बिघडू शकते. वजनदार मांजरांमध्ये हा धोका जास्त असतो, आणि आपला मन्या त्यांतलाच आहे. चोवीस तास अन्नाला न शिवलेले मांजर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. सोबत उलट्याही असतील तर तेवढेही थांबू नये.

नेरूळ, सेक्टर १९

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. दोन गोष्टी मात्र आजच्या आज तपासा.

पहिली म्हणजे मन्याने लघवी केली आहे का. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे तो खडे किंवा चिकट स्रावाने बंद होऊ शकतो. मग तो लिटर ट्रेमध्ये (शी-लघवीसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये) पुन्हा पुन्हा बसून कुंथतो आणि घरच्यांना बद्धकोष्ठ किंवा जुलाबाची कळ वाटते. लघवी तुंबल्याने उलट्याही होतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ट्रेमध्ये लघवीने भिजलेल्या वाळूचे ओले गोळे दिसत नसतील तर रात्र असली तरी न्या.

दुसरी म्हणजे दोरा. शिवणाचा दोरा, राखीचा रेशमी धागा, लोकर, मांजा यांपैकी काही घरातून गायब झाले आहे का, ते पाहा. गिळलेल्या दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकले की आतडे त्याच्यावर चुण्यांसारखे गोळा होते आणि कापले जाऊ शकते. म्हणूनच तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तरी तो कधीही ओढू नये. तसेच घरात लिलीची फुले आणली असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा; लिलीचे परागकणसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकतात.

खारघरवासी

इतर वाचकांसाठी एक भर: लसीकरण न झालेल्या पिल्लाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर अर्धा दिवसही वाट पाहू नये. पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य आजार पिल्लाला फार लवकर संपवतो. म्हाताऱ्या किंवा आधीपासून मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजराचेही तसेच.

जाताना उलटीचा फोटो, ताजी शी डबीत आणि नव्या खाद्याचे पाकीट न्या. आधी फोन करा, कारण रविवारी बरेच दवाखाने अर्धा दिवसच उघडे असतात. जवळपास कुणीच भेटले नाही तर मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल हे जनावरांचे रुग्णालय आहे. तिथेही सध्याची वेळ विचारूनच निघावे.

ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. ट्रेमध्ये लघवीचे गोळे होते, दोरा कुठे दिसला नाही, पण हिरड्या चिकट लागल्या आणि दुपारी आणखी एक उलटी झाली, म्हणून वाशीतील एका उघड्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पोट चाचपून पाहिले, शरीरातील पाणी कमी झाल्याचे सांगितले, कातडीखाली सलाइन आणि उलटी थांबवणारे इंजेक्शन दिले. उलट्या पुन्हा सुरू झाल्यास उद्या सोनोग्राफी करायची आहे. मघाशी त्याने उकडलेल्या कोंबडीचे दोन तुकडे खाल्ले. जुने खाद्य लगेच सुरू करावे का?

घोडबंदरची माऊ

खाल्ले हे वाचून फार बरे वाटले. आज बिनमिठाची, कांदा-लसूण नसलेली कोंबडीच थोडी थोडी द्या आणि जुने खाद्य केव्हा सुरू करायचे ते उद्या डॉक्टरांना विचारा. नवे खाद्य द्यायचेच असेल तर पोट पूर्ण सावरल्यावर सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडे थोडे मिसळत वाढवावे. रात्री एकदा हिरड्या आणि ट्रे पाहून ठेवा. सकाळी त्याने पुन्हा तोंड फिरवले तर उलटी झालेली नसली तरी त्याच डॉक्टरांना फोन करा.