मोजणी झाली, पण शेजारी खुणा मान्य करत नाही

गटधारक: सरकारी मोजणीत आमची हद्द सध्याच्या बांधापासून सात फूट शेजाऱ्याच्या बाजूला निघाली. भूकरमापकांनी चुन्याने खुणा करून दिल्या. शेजाऱ्याने पंचनाम्यावर सही केली नाही. त्याचं म्हणणं, 'सातबाऱ्याला माझं क्षेत्र बरोबर आहे, मोजणीच चुकली.' दगड आत्ताच पुरावेत का? बांध फोडून नवा घालता येईल का?

शिवारकर: सही नाकारली म्हणून मोजणी रद्द होत नाही. त्याला नोटीस पोचली होती का, ते आधी तपासा. लगतच्या एखाद्या धारकाचं नाव अर्जात राहिलं असेल तर हरकतीला तिथेच जागा मिळते.

सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द नाही. हद्द ठरते टिपण (मूळ मोजणीचा मापांसह कच्चा नकाशा), फाळणी (पोटहिश्श्यांच्या मोजणीचा नकाशा) आणि गटाच्या नकाशावरून. जुन्या टिपणातली मापं साखळी-आण्यात असतात: एक साखळी 33 फूट, तिचे 16 आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. शेजाऱ्याने मोबाईलच्या जीपीएसवर मोजलं असेल तर सोडून द्या. त्यात तीन-चार मीटरची चूक सहज येते, आणि तुमचा वादच सात फुटांचा आहे.

बांधकरी: खुणा पक्क्या करायला उशीर नको. चुना एका पावसात जातो. दगड अडीच-तीन फुटी घ्या, दोन फूट जमिनीत जाऊ द्या. खड्ड्याच्या तळाशी आधी कोळसा आणि फुटकी कौलं टाका. दगड कुणी उपटला तरी जागा पुन्हा सापडते, कोळसा कुजत नाही. शिवाय प्रत्येक दगडापासून दोन कायम वस्तूंपर्यंतची अंतरं, उदाहरणार्थ विहिरीचा कोपरा आणि विजेचा खांब, मोजून लिहून ठेवा. टेप उतारावर टेकवू नका, आडवी ताणून धरा, नाहीतर अंतर जास्त भरतं. हे सगळं पंचांसमोर करा आणि फोटो काढा. हद्दीची खूण हलवणं महसूल संहितेच्या कलम 145 खाली दंडाला पात्र आहे.

गटधारक: आणि ताबा?

शिवारकर: बांध मात्र स्वतः फोडू नका. आज ताबा त्याचा आहे. जेसीबी लावलात तर फौजदारी तुमच्यावर होईल. मोजणी खातं हद्द दाखवतं, अतिक्रमण काढून देत नाही. 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा नकाशा, हातात घ्या. तिच्यावर अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळी दाखवली आहे ना, ते बघा. ती जोडून दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा लावा. ताबा त्याच्याकडे किती वर्षांपासून आहे हे वकिलाला आधीच सांगा, कारण बारा वर्षांच्या मुदतीचा मुद्दा समोरून हमखास येतो.

शेजाऱ्याला मोजणी खरंच चुकीची वाटत असेल तर त्याने निमताना मोजणीचा, म्हणजे झालेली मोजणी तपासणाऱ्या फेरमोजणीचा, अर्ज करावा. ती वरिष्ठ अधिकारी करतात. तीही पटली नाही तर तिच्यावरची सुपर निमताना मोजणी आहे. हे त्याला लेखी कळवा, स्पीड पोस्टाने, आणि पोच जपून ठेवा.

बांधकरी: पुन्हा मोजणी लागलीच तर ऊस तुटल्यावर तारीख मागा. उभ्या उसात यंत्राला समोरचा बिंदू दिसत नाही.