मदत हवी आहे: "बाई, आपल्या ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे?"

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. दिवाळीनंतर मुलांची सहल नाणेघाटात न्यायची आहे, म्हणून सध्या खडकांवर बोलणं चालू आहे.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आपला काळा पाषाण झाला, इथवर मुलांना पटतं. पण त्यांच्या डोक्यात ज्वालामुखी म्हणजे शंकूसारखा डोंगर आणि वर तोंड. मग लगेच शोध सुरू होतो. कुणी शिवनेरीकडे बोट दाखवतं, कुणी जीवधनकडे. त्यात एका मुलाचे आजोळ बोरी बुद्रुकला. कुकडीच्या काठाला तिथे ज्वालामुखीची राख सापडते हे त्याने घरी ऐकलंय. "राख आहे म्हणजे ज्वालामुखी जवळच असणार ना, बाई?" प्रश्न इतका रास्त आहे की त्याला "पुढच्या वर्गात शिकाल" असं सांगायला माझं मन घेत नाही.

जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा आला, हे मला माहीत आहे. पण त्या भेगा आज दाखवता येतात का? राखेचं काय सांगू? आणि घाटात नेल्यावर मुलांनी नेमकं काय बघावं? शाळेत प्रयोगशाळा नाही, घरातल्या वस्तूंवर भागवायचं आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी राखेचं सांगतो, कारण त्या मुलाचा तर्क चांगला आहे. बोरीची राख आपल्या लाव्हाची नाहीच. ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आलेली. आपल्या पाषाणाच्या मानाने ती अगदी अलीकडची. वर्गात नकाशा लावून जुन्नर ते सुमात्रा दोरी ताणायला लावा. राख लांब जाते, लाव्हा जमिनीवरून वाहतो, हा फरक मुलं स्वतःच काढतील.

भेगांसाठी आइसलँडमधल्या लाकीचं उदाहरण द्या. तिथे १७८३ साली सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा येत राहिला. आपल्याकडे असंच, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडलं. शेवटचा लाव्हा भेगेतच थिजला, त्याच्या उभ्या भिंती झाल्या. त्यांना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे माळावर त्या लांबच लांब दिसतात. तोंड शोधणाऱ्या मुलांना त्यांचे फोटो जरूर दाखवा.

प्रतिसाद २

प्रयोगासाठी काकवी आणि थालीपीठाचं घट्ट पीठ घ्या. दोन्ही वेगवेगळ्या ताटात एकाच जागी ओता. पिठाचा ढीग होतो, काकवी पसरते. आपला लाव्हा पातळ होता, म्हणून शंकू न होता सपाट थर झाले.

घाटात जीवधनची बाजू लांबून बघायला सांगा. उभा कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे वर चढतात, त्यामुळे थराचा वरचा भाग सच्छिद्र राहतो आणि लवकर झिजतो. मधला भाग घट्ट, तो कडा होऊन टिकतो. दोन थरांच्या मध्ये कुठे गेरूसारखा लाल पट्टा दिसला तर तिथे मुलांना थांबवाच. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात झिजलेल्या खडकाची ती माती. वरून पुन्हा लाव्हा आला आणि ती भाजली गेली. मला स्वतःला सगळ्या सह्याद्रीत हा पट्टा सर्वांत जास्त आवडतो, कारण मधला शांत काळ त्यातच दिसतो.

बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर पाण्याने खनिजं भरली. मुलं खिशात भरतात त्या गारगोट्या बऱ्याचदा तिथल्याच. सुट्या पडलेल्या उचलू द्या, पण सातवाहनांचा शिलालेख असलेल्या लेण्यात हातोडी नको. ते लेणंही याच पाषाणात कोरलंय, हे मात्र आवर्जून सांगा.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दोरीचा प्रयोग उद्याच घेते, आणि ती बोरीच्या मुलालाच ताणायला लावते. एकच राहिलं: लाल पट्टा नाणेघाटाच्या वाटेवर नक्की कुठे दिसतो, कुणी पाहिलाय का? चाळीस मुलं बरोबर असतील, त्यामुळे सुरक्षित उभं राहता येईल अशी जागा हवी.