अनुभव धागा : धुतलेला शर्ट अंगात घालताच पुन्हा वास का मारतो?

मे महिन्यात वखरणीहून आल्यावर सुती बंडी अन् टेरिकॉटचा (पॉलिस्टर-कापूस मिश्रणाचा) शर्ट एकाच बादलीत धुतले, तरी शर्टच पुन्हा वास मारतो. कारण अन् उपाय नेमके लिहा.

इस्त्रीवाले, दारव्हा
ताज्या घामाला फारसा वास नसतो. बगलेतला स्राव त्वचेवरचे जिवाणू फोडतात, तेव्हा उग्र वासाची आम्लं तयार होतात. कापूस हवेतून वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. पण अंगाचं तेल पॉलिस्टरला घट्ट चिकटते आणि वास त्या तेलात मुरतो. दोरीवरचा शर्ट कोरा वाटते. बगलेवर गरम इस्त्री टेकवली की भपकारा येते. म्हणजे तेल निघालंच नाही.

धुणं-भांडी, कळंब
बोरचं पाणी जड असलं की वडीच्या साबणाचा फेस होत नाही, पांढरा चिकट साका कापडावर बसतो, त्यात तेल आणखी अडकतं. पंधरा लिटरची बादली घ्या: अर्धं उकळतं, अर्धं साधं पाणी, साठ अंशांच्या आसपास येतं. आधी दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा (खायचा नाही) विरघळवा, मग पावडर. शर्ट उलटा करून अर्धा तास बुडवा, बगल ब्रशने घासा, दोनदा खळबळा. रंग जाणारं कापड वेगळं ठेवा. लोकर, रेशीम यात घालूच नका. सुगंधी कंडिशनर तर बंदच करा, त्याचा थर धाग्यावर बसतो. फवारणीचे कपडे या बादलीत चुकूनही नको.

शिवणकाम, आर्वी
दुकानदाराच्या 'प्युअर कॉटन'वर जाऊ नका. शिलाईतल्या उरल्या कापडाचा धागा ओढून चिमट्यात धरून पेटवा. कापूस कागदासारखा जळून भुरभुरीत राख देतो. पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. मिश्रणात दोन्ही दिसतं. टेरिकॉटच घ्यायचा असेल तर बगलेत आतून चार इंची सुती मलमलचा चौकोन लावून घ्या. मलमल आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून बगल ओढली जाते.

वर्धा रोड
कापसाचं एवढं कौतुक नको. श्रावणात जाड सुती कापड दोन दिवस ओलं राहिलं की कुबट होतंच. पिळून, झटकून, दोन कपड्यांत वितभर जागा सोडून वाऱ्यात टाका. घामट बंडी टोपलीत दाबून ठेवू नका.