दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ दिनदर्शिकेवर : हक्क कोणाचा?

प्रश्न : एका दिवाळी अंकासाठी मी जलरंगात मुखपृष्ठ केले, मानधन फोनवरच ठरले होते. आता तेच चित्र, उजव्या कोपऱ्यातली माझी सही कापून, प्रकाशकांच्या दिनदर्शिकेवर छापले आहे. ‘पैसे दिले, चित्र आमचे’ हे त्यांचे म्हणणे कायद्याला धरून आहे का?

उत्तर : दुर्दैवाने बरेचसे आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून केलेल्या रंगचित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसल्यास, काम सांगणाराच ठरतो, आणि फोनवरचे बोलणे सिद्ध करणे किती कठीण असते हे वेगळे सांगायला नको.

उत्तर : सहीचा मुद्दा मात्र सोडू नका. कलम ५७नुसार चित्रकर्त्याचा श्रेयाचा हक्क मालकीपासून स्वतंत्र असतो, त्यामुळे नावासह छपाईची लेखी मागणी अवश्य करा.

उत्तर : यापुढे कच्चे रेखाटन पाठवण्यापूर्वीच हक्क स्वतःकडे ठेवणारा, वापर, मुदत आणि प्रदेश नमूद करणारा करार सहीनिशी करून घ्यावा. हक्क लेखी देताना मुदत लिहायची राहिली, तर कलम १९ ती ५ वर्षे धरते.